हेडरचा रंग तिसऱ्यांदा सोलला. आता सिरॅमिक करू का?

पत्रेवाला_नोव्हाय

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं डेट्रॉइटजवळ नोव्हायला असतो. आपल्या लोकांत हॉट रॉडचं, म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवायचं, वेड असलेलं कुणी भेटत नाही, म्हणून इथे विचारतोय.

गाडी १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूप. मूळचं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन कधीच गेलेलं होतं. त्या जागी शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक बसवलंय, दोन हिवाळे घालवून स्वतः जुळवलेलं. बोनेटच्या बाजूचे पत्रे मी लावलेले नाहीत, पुढचे मडगार्डही नाहीत. म्हणजे एग्झॉस्टचे हेडर, सिलिंडरमधला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, दोन्ही अंगांनी उघडे, गाडी समोर आली की आधी तेच दिसतात. साध्या पोलादी नळीचे आहेत, १६ गेजचे.

त्यांना मॅट काळा रंग द्यायचा ठरवलं. डब्यावर स्पष्ट लिहिलंय, २००० डिग्री फॅरनहाइटपर्यंत टिकतो. पहिल्यांदा हेडरवर आधीपासून जो काळा रंग होता त्यावरच मारला, तो गेला. चूक माझी, मान्य. दुसऱ्यांदा वायर ब्रशने घासून, ब्रेक क्लीनरने पुसून मारला, तोही गेला. तिसऱ्यांदा सँडब्लास्ट (वाळूचा मारा) करून आणले, हातमोजे घालून ॲसिटोनने पुसले, तीन पातळ हात दिले. इंजिन सुरू केलं, नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नीट बसावा म्हणून पंचवीस मिनिटं २००० आरपीएमवर ठेवलं. गॅरेजचा दिवा बंद केला तर मधल्या दोन नळ्या अंधारात मंद लाल दिसत होत्या. गार झाल्यावर बघतो तर इंजिनाच्या डोक्यापासून (सिलिंडर हेडपासून) पहिल्या चार इंचांत पापुद्रे. खाली कलेक्टरवर, जिथे नळ्या एकत्र मिळतात तिथे, मात्र रंग जसाच्या तसा, नखानेही निघत नाही.

फोटो जोडलेत. एका कोटिंगवाल्याने सिरॅमिकचे साडेतीनशे डॉलर सांगितलेत. मित्र म्हणतो, हेडरला कापडी पट्टी गुंडाळ आणि मोकळा हो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वूडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे इथला जुन्या गाड्यांचा मेळा, आहे, गाडी तिथे न्यायचीच आहे. रंग चुकतोय, की माझा हात, की आणखी काही?

---

मोहावी_काका

तुला तू म्हणतो, माझा मुलगा तुझ्याएवढा असेल.

साडेतीनशे डॉलर अजून देऊ नकोस. आधी गॅरेजात खाली पडलेला एक पापुद्रा उचल आणि उलटा करून बघ. ही एक गोष्ट केल्याशिवाय पुढे काहीच करू नकोस.

पापुद्र्याची पाठ स्वच्छ, काळी, गुळगुळीत असेल तर रंगाने धातू धरलाच नव्हता. तेल राहिलं, बोटांचा घाम लागला, नाहीतर खालचा रंग निघाला नव्हता. पण पाठीवर करडा, खरखरीत थर चिकटलेला असेल तर तो थर पोलादाचा आहे. तापून जळालेल्या पोलादाची खपली. रंगाने ती घट्ट धरून ठेवली होती, आणि खपलीच नळी सोडून निघाली. अशा वेळी रंगाचा काही दोष नसतो रे. त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

तुझा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. सोललेल्या भागाच्या खालच्या काठाला निळसर जांभळा पट्टा आहे, अर्धा इंच रुंद असेल. घासलेलं पोलाद तापलं की रंग बदलतं. चारशे तीस फॅरनहाइटच्या सुमारास वाळल्या गवतासारखं पिवळं, मग तपकिरी, जांभळं, आणि सहाशेच्या आसपास निळं. म्हणजे त्या पट्ट्यापाशी सहाशे झालं होतं. पट्ट्याच्या वर, पोर्टच्या (इंजिनातून वायू बाहेर येतो त्या तोंडाच्या) बाजूला, धातू राखेसारखा दिसतोय. तिथे हजाराच्या वर गेलं. नळी अंधारात लाल दिसली हे तूच लिहिलंयस. डब्यावरचे २००० खोटे नाहीत, पण तो आकडा थोडा वेळ सोसायचा असतो, आणि त्याआधी रंग नीट भाजलेला असावा लागतो. तुझा रंग कच्चा होता आणि तू त्याला थेट भट्टीत घातलंस.

आता मूळ दुखणं. मी १९७४ साली अमेरिकेत आलो ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवायच्या) कारखान्यात केमिस्ट म्हणून. तेव्हा हेडर क्रोम करायची फार हौस होती. लोक चकचकीत हेडर घेऊन जायचे आणि पंधरा दिवसांत निळे पडलेले परत आणायचे. काउंटरवर आपटायचे. मालक मला बोलवायचा आणि मी टाकीचा करंट, आम्लाचं प्रमाण, निकेलची जाडी तपासत बसायचो. सगळं बरोबर असायचं. एक म्हातारा रेसर रोज कॉफीला यायचा. त्याने एकदा एक हेडर उचललं, चारही नळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, याचं टायमिंग मागे आहे. गाडी न बघता! त्याने मला शिकवलं ते असं: स्पार्क उशिरा पडला तर मिश्रण सिलिंडरमध्ये पुरतं जळून होत नाही, एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जळणं चालूच असतं, आणि ती आग नळीत शिरते. जी उष्णता पिस्टनला ढकलायला हवी ती हेडर भाजते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली तरी नळ्या तापतात. पण सगळ्या नळ्या सारख्या तापल्या असतील तर आधी टायमिंगकडे बघ. एकटी-दुकटी तापली असेल तर त्या सिलिंडरला कुठून तरी चोरटी हवा लागतेय.

तुझ्या मधल्या दोन जास्त लाल दिसणारच. स्मॉल ब्लॉकमध्ये दोन्ही अंगांना मधले दोन एग्झॉस्ट पोर्ट शेजारी शेजारी असतात. डाव्या अंगाला ३ आणि ५, उजव्या अंगाला ४ आणि ६. एकमेकांना शेकतात. हेडरवरची कुठलीही वस्तू, रंग असो, क्रोम असो की गास्केट, आधी तिथे मरते.

आणि पंचवीस मिनिटं २००० वर. जुन्या घडणीच्या सपाट टॅपेटच्या (कॅमवर घासत व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या) कॅमला ते करावंच लागतं, नाहीतर कॅमची पाळ खाल्ली जाते. पण गाडी उभी, वारा नाही, इंजिन नवं म्हणून घट्ट, टायमिंग अंदाजाने लावलेलं. हेडरच्या आयुष्यात त्याहून वाईट अर्धा तास येत नाही. म्हणून नव्या इंजिनाचा पहिला अर्धा तास जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डवर (कंपनीच्या ओतीव एग्झॉस्टवर) काढायचा. भंगारात मिळणारे, मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले शेव्हरोलेचे मॅनिफोल्ड चालतात. कॅम बसला, टायमिंग लागलं, कार्बोरेटर लागला, मग हेडर चढवायचे. मी १९८१ मध्ये हे न करता माझ्या फोर्ड पिकअपचे नवे कोटिंग केलेले हेडर एका संध्याकाळी घालवले. बायकोने वर्षभर साठवलेल्या पैशातून घेतलेले होते. ते नुकसान अजून मनातून गेलेलं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

तर उद्या टायमिंग लाइट लाव. मार्क किती डिग्रीवर आहे, आणि डिस्ट्रिब्यूटरची (सिलिंडरांना स्पार्क वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी, जी आयडलला स्पार्क आधी पाडते, जोडलेली आहे का, एवढं कळव.

---

गळीत_हंगाम

काकांनी लिहिलंय त्यापुढे हेडरबद्दल मी काय बोलणार? पण हा रंग माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हंगाम संपला की बॉयलरची चिमणी आणि धुराची नळकांडी आम्ही उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंगाने रंगवतो. तुमचा काळा रंग आणि आमचा रुपेरी, दोन्ही सिलिकॉन रेझिनचे भाऊ.

या रंगाचा स्वभाव वेगळा आहे. हवेत वाळतो, पण पिकत नाही. बोटाला लागत नाही म्हणून आपण समजतो झाला. तो खरा पक्का होतो तो २०० सेल्सियसच्या आसपास भाजल्यावर. तोपर्यंत जपावं लागतं.

दुसरं म्हणजे जाडी. एका हाताला वीस-पंचवीस मायक्रॉन, बस्स. नवीन पोरं चिमणीवर दाट हात मारतात, छान झाकलं म्हणून खूश होतात. बॉयलर पेटला की आतलं थिनर बाहेर पडायला वाट शोधतं आणि भाकरी फुगावी तसे फुगे येतात. तुम्ही तीन पातळ हात म्हणताय. पातळ म्हणजे पहिल्या हातातून खालचं पोलाद थोडं दिसलं पाहिजे. दिसलं होतं का?

आणि ब्लास्टिंग झाल्यावर किती वेळाने रंग मारला? आमच्याकडे पावसाळी हवेत ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर संध्याकाळपर्यंत पिवळट गंज धरतो. सकाळी ब्लास्ट, दुपारच्या आत पहिला हात, असा आमचा दंडक आहे.

---

शलाका_चाकण

मी एग्झॉस्टच्याच क्षेत्रात आहे, चाकणला. पट्टी गुंडाळण्याबद्दल थोडं सांगते, कारण ती चूक महागात पडते.

काचतंतूची पट्टी उष्णता नळीतच कोंडते. वायूचा वेग टिकतो आणि इंजिनाजवळची हवा गार राहते, हे खरं. पण नळीचं पोलाद मग आणखी तापतं, आणि पट्टी पाणी धरून ठेवते. साधं पोलाद, वर ओली पट्टी, रोज तापणं-निवणं. आतून पोखरतं आणि पट्टी असल्यामुळे दिसतही नाही. म्हणूनच काही हेडर बनवणारे पट्टी गुंडाळली तर वॉरंटी देत नाहीत. मिशिगनमध्ये तर थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. तुमची गाडी हिवाळ्यात बाहेर निघत नसणार, तरीही उघड्या हेडरवर पट्टी मला पटत नाही. दिसायलाही मोडलेल्या हाताला बँडेज बांधल्यासारखं दिसतं.

पावडर कोटिंगचा विचार कुणी सुचवलाच तर सरळ नाही म्हणा. नेहमीची पावडर भाजतात तीच ४०० फॅरनहाइटच्या आसपास, हेडरवर ती जळून जाते.

आणि दादा, ब्रेक क्लीनर बदला. त्यातले काही क्लोरीनवाले असतात. ते अंगावर राहिलेल्या धातूला वेल्डिंगची किंवा तशीच कडक आंच लागली तर विषारी वायू होतो. डब्यावर क्लोरीनविरहित लिहिलेलं नसेल तर हेडरच्या जवळपासही नको. ॲसिटोन पुरे, फक्त दार उघडं ठेवा आणि आसपास ज्योत नको.

---

पत्रेवाला_नोव्हाय

काका, पापुद्रा उलटा केला. करडा आहे. बोट फिरवलं तर बारीक वाळूसारखी पूड निघते. तिसऱ्यांदा माझी तयारी चुकली नव्हती हे कळून खरंच बरं वाटलं.

टायमिंग लाइट लावला. आयडलला (इंजिन नुसतं चालू असताना) फक्त २ डिग्री. व्हॅक्यूमची नळी मी जुळवताना टोपी घालून बंद केली होती, ती तशीच राहिली होती. आता आयडलला १० केलंय, आरपीएम वाढवल्यावर एकूण ३५ येतं, आणि व्हॅक्यूम जोडलाय. इन्फ्रारेड गनने डोक्यापासून दोन इंचांवर मोजलं. आधी आयडलला ३ नंबरची नळी ७८० दाखवत होती, आता ५४० दाखवते. इंजिन आवाजातही मोकळं झालंय.

पण ७ नंबर ६३० वर आहे, बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त. हे काय?

गळीत_हंगाम भाऊ, ब्लास्ट करून आणल्यावर हेडर दोन दिवस गॅरेजात पडले होते. जूनमधली हवा. थोडा पिवळटपणा होता, मी कापडाने पुसून घेतला. शलाकाताई, डबा बघितला, क्लोरीनवालाच होता. टाकून देतोय.

---

मोहावी_काका

७ नंबर: इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा-पेट्रोल देणाऱ्या भागाचे) बोल्ट बघ, मागच्या टोकाचे. नवं इंजिन एकदा तापून निवलं की गास्केट बसतं आणि बोल्ट सैल होतात. तिथून हवा शिरते. त्याचबरोबर हेडरचे बोल्टही थंड असताना पुन्हा आवळ. हेडरचं गास्केट फुंकत असेल तर त्या फटीतून येणारी आग रंगावर सरळ मारते. पहिल्या शंभर मैलांत मी तीनदा आवळतो.

इन्फ्रारेड गनबद्दल एक. मॅट काळ्यावर ती खरं सांगते. चकचकीत क्रोमवर किंवा घासलेल्या धातूवर कमी दाखवते. सोललेल्या जागी मोजलं असशील तर त्या आकड्यावर फार जाऊ नकोस. नळ्यांची एकमेकींशी तुलना कर.

आता तुझा प्रश्न, रंग की सिरॅमिक. सिरॅमिक चांगलंच. ते आतूनही लावतात, रंगाला ते जमत नाही, आणि उघड्या हेडरजवळ स्टार्टर असतो त्यालाही आराम पडतो. शेव्हरोलेचा सॉलेनॉइड (स्टार्टर चालू करणारा विजेचा स्विच) स्टार्टरच्या अंगावरच बसतो, हेडरने तापला की गाडी गरम असताना सेल मारत नाही. पण सिरॅमिक दोन तऱ्हेचं असतं हे विचारून घे. चकचकीत रुपेरी साधारण १३०० पर्यंतच आपली झळाळी टिकवतं, त्यावर गेलं की कायमचं मंदावतं. काळं किंवा करडं त्याहून जास्त सोसतं. तुझी गाडी काळी मागते असं मला फोटोवरून वाटतं.

माझं मत: या उन्हाळ्यात रंग, हिवाळ्यात सिरॅमिक. या उन्हाळ्यात इंजिन अजून लागतंय, तू कार्बोरेटर दहा वेळा हलवशील. रंग गेला तर एक डबा गेला.

पांढऱ्याचा विचार केलायस का? साठच्या दशकातल्या ड्रॅगच्या गाड्यांना पांढरे हेडर असत. पांढऱ्यावर बारीक तडा गेला किंवा गास्केट फुंकलं की काळी रेघ लगेच दिसते. कॅलिफोर्नियात एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर, जिथे गाड्या वेगाला पळवतात, अजून एखादी जुनी गाडी पांढऱ्या हेडरची दिसते, आणि सकाळच्या उन्हात त्या पिवळ्या मातीवर काय शोभते! दर नळीच्या पोर्टजवळ बोटभर तपकिरी कडा आलेली असते. आठही कडा सारख्या असल्या की समजायचं इंजिन सुखात आहे.

रंग भाजायची रीत, गाडीवरच: आयडलला दहा मिनिटं, वीस मिनिटं थंड. पुन्हा वीस मिनिटं, वीस मिनिटं थंड. मग अर्धा तास. मधे आरपीएम वाढवायचं नाही, कितीही मोह झाला तरी. एक मोठा पंखा समोर लाव. गॅरेजचं दार उघडं ठेव, पहिल्या दोन वेळा धूर येईल आणि तो नाकात जायला नको. घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा विचार मनात आणू नकोस, त्यात आपण अन्न शिजवतो.

---

पत्रेवाला_नोव्हाय

झालं. सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

७ नंबरच्या बाजूचे इनटेकचे मागचे दोन बोल्ट हाताच्या जोराने फिरले, इतके सैल. आवळले. ७ नंबर आता ५५० वर, बाकीच्यांच्या रांगेत.

हेडर उतरवून पुन्हा ब्लास्टला दिले. यावेळी तिथेच थांबलो, गरम गरम घरी आणले आणि तासाभरात पहिला हात दिला. गळीत_हंगाम भाऊंनी सांगितलं तसं, पहिल्या हातातून करडं पोलाद दिसत होतं. हात शिवशिवत होता आणखी मारायला, पण थांबलो. दहा मिनिटांनी दुसरा, पुन्हा दहा मिनिटांनी तिसरा. काळाच घेतला काका, पांढऱ्याचा धीर झाला नाही. रात्रभर ठेवला.

काल सकाळी भाजला. पहिल्या दहा मिनिटांत डोक्याजवळून निळसर धूर निघायला लागला तेव्हा पोटात गोळा आला. पंखा लावून उभा राहिलो. दुसऱ्या वेळी धूर कमी, तिसऱ्या वेळी नाहीच. अर्ध्या तासानंतर दिवा बंद करून बघितलं. अंधारात नळ्या काळ्याच, कुठेही लाल नाही. मग गाडी बाहेर काढली आणि चाळीस मैल फिरवली. आल्यावर गार होऊ दिली आणि ३ आणि ५ च्या मधल्या बेचक्यात बोट घालून बघितलं, जिथे तिन्ही वेळा सोललं होतं. रंग थोडा करडा पडलाय, पण सपाट आहे. नखाने खरवडलं, निघाला नाही.

---

मोहावी_काका

करडा पडणारच तिथे. बाकीचंही हळूहळू त्याच्याजवळ येईल. शंभर मैल झाले की बोल्ट आवळ, गाडी पूर्ण थंड असताना.

वूडवर्डवर जाशील तेव्हा ३ आणि ५ चा जवळून एक फोटो टाक. गाडीचाही टाक, पण आधी तो.